पाण्याचा जोर: चेन्नईच्या गच्चीवरचा एक प्रेशर वॉशर

या मालिकेत आपण घरातल्या साध्यासुध्या वस्तूंचा इतिहास बघतो आहोत. आजची वस्तू तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विकत घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल: प्रेशर वॉशर. गच्ची, अंगण, गाडी, जिना, ग्रिल धुणारं ते पिवळं नाहीतर निळं यंत्र. 'कुठला घ्यावा?' हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मी मूळचा कराडचा, राहतो चेन्नईत. नोकरीपायी आलो आणि इथलाच झालो. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मी चेन्नईतून देणार आहे, आणि ते जरा लांबून येणार आहे. कारण या शहरात पाण्याला जोर कुठून आला हे कळल्याशिवाय तो जोर कुठे आणि किती वापरावा हे कळत नाही. निदान मला तरी तोवर कळलं नाही.

डिसेंबर 2015

सुरुवात चिखलापासून करू. 1 डिसेंबर 2015 ला चेन्नईवर जो पाऊस कोसळला तो इथे कोणी विसरलेलं नाही. तांबरमला 24 तासांत सुमारे 49 सेंटिमीटर पाऊस झाला. चेंबरंबाक्कम तलावातून 29,000 क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि अड्यार नदी घराघरात शिरली. मी तेव्हा सैदापेटेत एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीणबाई राहायच्या. वय सत्तरीच्या पुढे. सगळी गल्ली त्यांना 'पाट्टी' म्हणायची, म्हणजे आजी. त्या मला 'तंबी' म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. पाणी चढलं तसं पाट्टींना आम्ही वर आणलं. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा त्यांच्या घरात घोटाभर गाळ होता. काळा, तेलकट, वास मारणारा.

त्या वेळी आम्ही काय केलं? फावडी, घमेली, खराटे आणि बादल्या. चार दिवस. पाचव्या दिवशी भिंतीवर जो थर उरला तो दगडासारखा झाला होता. तेव्हाच मी मनाशी ठरवलं की असलं एक यंत्र घ्यायचंच. जानेवारीत पोंगलच्या आधी भोगी आली. आपल्याकडे भोगीला मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी. इथे भोगीला घरातलं जुनंपानं बाहेर काढून जाळतात आणि घर धुऊन काढतात. त्या मुहूर्तावर मी प्रेशर वॉशर आणला. खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा ज्याच्या होता तो. इथेच पहिली चूक झाली. ती पुढे सांगतो, आधी यंत्राची गोष्ट.

जोराचा इतिहास

पाणी बारीक तोंडातून सोडलं की त्याला धार येते, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अंगठ्याने नळीचं तोंड दाबून होळीला पाणी उडवणारं पोरसुद्धा ते जाणतं. पण हा जोर कामाला लावण्याचा मोठा प्रयोग झाला तो धुण्यासाठी नव्हे, सोन्यासाठी. 1853 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मॅटिसन नावाच्या खाणकामगाराने नळीला निमुळतं तोंड लावून डोंगराच्या कडेवर पाणी मारलं. माती वाहून गेली, सोनं मागे उरलं. मग डोंगरच्या डोंगर पाण्याने फोडले गेले. तो सगळा गाळ नदीत उतरला, नद्यांची पात्रं वर आली, खालच्या खोऱ्यातली शेतं बुडाली. शेतकरी कोर्टात गेले आणि 1884 मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी गाळ नदीत सोडायला मनाई केली. हा धडा लक्षात ठेवा. वर कोणी जोर लावला की खाली कोणाच्या तरी दारात त्याचा गाळ जातो.

धुण्याचं यंत्र आलं ते मोटारींच्या जमान्यात. 1926-27 च्या सुमारास अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये फ्रँक ऑफेल्ड यांनी वाफेवर चालणारं धुण्याचं यंत्र काढलं. गॅरेजच्या फरशीवरचं ग्रीस वाफेच्या झोताने सुटतं हे बघून त्यांना ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. युरोपात 1950 मध्ये जर्मनीच्या आल्फ्रेड कर्शर यांनी गरम पाण्याचा हाय-प्रेशर क्लीनर बनवला. ही सगळी कारखान्यांची यंत्रं होती, अवजड आणि महाग. घरात नेता येईल असं छोटं यंत्र त्याच कंपनीने 1984 मध्ये आणलं. म्हणजे आपण ज्याला घरगुती वस्तू म्हणतो ती वयाने चाळिशीतच आहे.

आत काय असतं? एक मोटर, तिच्यावर तिरकी फिरणारी एक चकती, आणि त्या चकतीने आळीपाळीने ढकललेले तीन छोटे दट्टे. दट्टे पाणी ओढतात आणि पुढे रेटतात. पुढे नोझलचं भोक इतकं बारीक असतं की पाण्याला तिथून जाताना वेग घ्यावाच लागतो. 100 बार दाब असेल तर झोत सेकंदाला सुमारे 140 मीटर, म्हणजे ताशी 500 किलोमीटरच्या वेगाने बाहेर पडतो. बार म्हणजे काय? दहा मीटर उंचीवरच्या टाकीतलं पाणी खालच्या नळाला साधारण एक बार दाब देतं. म्हणजे 100 बार हवे असतील तर टाकी एक किलोमीटर उंचीवर बांधावी लागेल. तो एक किलोमीटर तुम्ही एका छोट्या डब्यात घेऊन गच्चीवर चढता.

मद्रासचं पाणी

आता चेन्नईकडे येऊ. या शहराला नाव घ्यावं अशी बारमाही नदी नाही. कूवम आणि अड्यार पावसाळ्यात वाहतात आणि बाकी वर्षभर सांडपाणी वाहतात. इंग्रजांनी 1639 मध्ये इथे वखारीसाठी जागा घेतली तेव्हापासून पाणी हा प्रश्न होताच. 1772 मध्ये कॅप्टन बेकर यांच्या योजनेतून किल्ल्याच्या उत्तरेला विहिरी खणल्या गेल्या. त्यांचं पाणी माणसांच्या बळावर वर काढून फोर्ट सेंट जॉर्जला पुरवलं जायचं. त्या भागाचं नाव आजही 'सात विहिरी' असंच आहे, तमिळमध्ये 'एळु किणरु'. शेजारीच सौकारपेठ आहे. तिथे सोन्याचांदीची गलाई करणारी आपली सांगली जिल्ह्यातली, खानापूर-आटपाडीकडची मंडळी भेटतात. दुष्काळी भागातून निघालेली माणसं सात विहिरींच्या शेजारी येऊन स्थिरावली, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटतं. त्यांच्या धंद्यात दुकानाची झाडलेली धूळसुद्धा धुऊन तिच्यातला सोन्याचा कण वेचतात. कमी पाण्यात, हलक्या हाताने, काहीही वाया न घालवता धुणं म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं.

1818 च्या दुष्काळात फ्रान्सिस व्हाइट एलिस या तमिळ जाणणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने शहरात सत्तावीस विहिरी खणवल्या आणि त्याच्या शिलालेखात तिरुक्कुरळचा दाखला कोरवला. 1872 मध्ये कोसस्थलैयार नदीचं पाणी अडवून चोळवरम आणि रेड हिल्स, म्हणजे पुळल तलावातून उघड्या पाटाने शहरात आणलं गेलं. हे पाणी उतारावर आलं, त्याला स्वतःचा जोर फारसा नव्हता. 1914 मध्ये किलपॉकला जलशुद्धीकरण केंद्र झालं, गाळण्या बसल्या, पंप लागले. सत्यमूर्तींच्या महापौरपदाच्या काळात पूंडी धरणाचं काम सुरू झालं आणि 1944 मध्ये ते पुरं झालं. म्हणून त्या जलाशयाला आज त्यांचं नाव आहे.

आणि आता येते माझ्या गावाची नदी. 1976 मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी आपापल्या कृष्णेच्या वाट्यातून पाच-पाच टीएमसी पाणी मद्रासला पिण्यासाठी द्यायचं मान्य केलं. एकूण पंधरा; वाटेतलं बाष्पीभवन वजा जाता बारा. श्रीशैलमहून निघून वेलुगोडू, सोमशिला, कंडलेरू असे टप्पे घेत हे पाणी पूंडीला येतं. 1983 मध्ये तेलुगू गंगा प्रकल्पाचं काम सुरू झालं आणि 1996 मध्ये पहिलं पाणी तमिळनाडूच्या हद्दीत शिरलं. ठरलेलं सगळं पाणी दर वर्षी येत नाही. पण आकडा बघा: पूंडी, चोळवरम, पुळल आणि चेंबरंबाक्कम या चारही तलावांची मिळून क्षमता सव्वाअकरा टीएमसीच्या आसपास आहे. कागदावरचं कृष्णेचं पाणी त्याहून जास्त. महाबळेश्वरला उगम पावलेली, कराडला कोयनेला भेटलेली नदी मद्रासच्या नळात येते, हे मला इथे येऊन पाच वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं. गच्ची धुताना मी जे पाणी उडवत होतो त्यात महाराष्ट्राने आपल्या ताटातून काढून दिलेला घास होता.

पहिली चूक: आकड्याला भुलणं

माझ्या यंत्राच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात दाब लिहिला होता. पाणी किती लागतं ते बारीक अक्षरात होतं. कुठलाही प्रेशर वॉशर घेताना तीन आकडे बघायचे: बार, मिनिटाला लिटर आणि मोटरचे वॉट. या तिघांचं गणित आहे. बार गुणिले मिनिटाला लिटर, भागिले 600. उत्तर येतं किलोवॉटमध्ये, म्हणजे पाण्यात प्रत्यक्ष गेलेली ताकद. 100 बार आणि सहा लिटर असतील तर एक किलोवॉट. मोटर आणि पंपात काही ताकद वाया जाणारच, म्हणून अशा यंत्राला 1400-1500 वॉटची मोटर लागते. आता कोणी म्हणालं की मोटर 1400 वॉटची आहे, दाब 200 बार आहे आणि पाणी सात लिटर आहे, तर गणित करा. दोन किलोवॉटच्या वर उत्तर येतं. चौदाशेच्या मोटरमधून तेवीसशे वॉट कुठून येणार? एक तर तो दाब नोझल बंद असतानाचा आहे, किंवा पाण्याचा आकडा दुसऱ्याच वेळचा आहे. घरी आणल्यावर पाण्याचा आकडा तपासता येतो. वीस लिटरची बादली भरा, यंत्राची ओढनळी त्यात सोडा आणि घड्याळ लावा. तीन मिनिटं वीस सेकंदांत बादली संपली तर मिनिटाला सहा लिटर.

घरासाठी किती लागतं? गाडी, मोटारसायकल, खिडकीच्या जाळ्या: 80 ते 100 बार पुरेत. शेवाळलेली सिमेंटची गच्ची, अंगण, फाटकासमोरची फरशी: 110 ते 130 बार. त्याच्यावरचं घराच्या कामाचं नाही. 130 बारला जे निघत नाही ते 160 बारला निघेल, पण त्याबरोबर फरशीही निघेल.

दुसरी चूक: पाट्टींची गच्ची

आणि नेमकं तेच माझ्या हातून झालं. पाट्टींचं घर 'मद्रास टेरेस'चं होतं. जुन्या मद्रासच्या घरांची ही खास गच्ची. सागवानी तुळयांवर विटा उभ्या कडेने, तिरक्या रांगेत, चुन्यात बसवायच्या. त्यावर विटांच्या चुऱ्याचा आणि चुन्याचा थर चोपून घालायचा, आणि वर पातळ चपट्या कौलफरशा. सिमेंट औषधालाही नाही. आपल्याकडच्या वाड्यांतला चुन्याचा कोबा किंवा सोलापूर-मराठवाड्याकडचं माळवद ज्यांनी बघितलं आहे त्यांना हे पटकन कळेल. अशी गच्ची शंभर वर्षं टिकते, कारण चुना थोडा थोडा श्वास घेतो. पण चुना मऊ असतो.

2016 च्या उन्हाळ्यात मी गच्चीवरचं शेवाळ काढायला यंत्र लावलं. नोझल लाल. लाल म्हणजे शून्य अंश, सुईसारखी धार. दहा मिनिटांत फरशा कोऱ्या दिसायला लागल्या. मी खूश. पाट्टी जिन्यात उभ्या राहून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला आणि त्यांच्या देवघरावरच्या छतातून थेंब पडायला लागले. फरशांच्या सांध्यांतला चुना माझ्या धारेने धुऊन नेला होता. गवंडी आला, त्याने सांधे उकरून चुना-सुरखी भरली. पैसे मी दिले. पाट्टी एवढंच म्हणाल्या, "तंबी, घाण गेली ते दिसलं. घरही गेलं, ते पावसाने दाखवलं."

म्हणून नोझलचे रंग पाठ करा. लाल शून्य अंश: घरात वापरूच नका. पिवळा पंधरा: फक्त कडक काँक्रीटसाठी. हिरवा पंचवीस: फरशी, अंगण. पांढरा चाळीस: गाडी, रंगवलेली भिंत, खिडक्या. काळा: साबणासाठी, कमी जोराचा. धार पृष्ठभागापासून आधी दोन फूट लांब धरायची, मग हळूहळू जवळ आणायची, आणि कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघायची. कोकण-गोव्यातल्या वाचकांनी जांभ्याच्या चिऱ्यावर जोर लावू नये; तो सच्छिद्र असतो, झिजतो आणि पाणी पितो. चुन्याचा गिलावा, जुनी लाकडी चौकट, मातीची कौलं, आपल्या वाड्यांतल्या विटांचे सांधे, तंजावर-चेट्टिनाडकडच्या हाती बनवलेल्या फरशा: या सगळ्यांना खराटा, नारळाची शेंडी आणि बादली. शहाबादी, कोटा, ग्रॅनाइटला हिरवा नोझल चालतो, पण सांध्यांवरून धार आडवी फिरवावी, सांध्यात घुसवू नये.

चेन्नईचं पाणी आणि यंत्राचं पोट

आणखी काही गोष्टी मी इथेच शिकलो. चेन्नईत जवळजवळ प्रत्येक घराला जमिनीखाली टाकी असते, तिला 'संप' म्हणतात. नळाचं किंवा टँकरचं पाणी तिथे येतं, पंपाने वरच्या टाकीत जातं. गच्चीवर उभं राहून त्याच गच्चीवरच्या टाकीचं पाणी यंत्राला दिलं तर त्याला दाब जवळजवळ नसतोच. त्यामुळे बादलीतून स्वतः पाणी ओढणारं यंत्र घ्या. परदेशी बनावटीची काही यंत्रं नळाचा दाब गृहीत धरून केलेली असतात. ती आपल्याकडे हवा ओढतात आणि पंप जाळून घेतात.

दुसरं, बोअरचं पाणी. समुद्राजवळच्या वस्त्यांत ते खारट असतं, आत लोह आणि वाळू असते. ओढनळीला जाळी हवीच. काम झाल्यावर दोन मिनिटं गोडं पाणी फिरवून घोडा दाबून दाब सोडून द्यायचा. पंपाचं डोकं पितळेचं असेल तर खाऱ्या हवेत ते अॅल्युमिनियमपेक्षा जास्त टिकतं. मोटर दोन प्रकारच्या: कार्बन ब्रशची हलकी, स्वस्त आणि आवाजी, इंडक्शनची जड, महाग, पण शांत आणि दीर्घायुषी. महिन्यातून एकदा गाडी धुणार असाल तर पहिली पुरे. सोसायटीचे जिने दर आठवड्याला धुणार असाल तर दुसरी घ्या.

तिसरं, जीव. ताशी 500 किलोमीटरची धार कातडी फोडते. जखम टाचणीएवढी दिसते, आत पाणी आणि घाण खोल गेलेली असते. लगेच डॉक्टरांकडे जायचं, 'एवढंसं तर आहे' म्हणायचं नाही. पायात बंद बूट, डोळ्यांना चष्मा. वीज आणि पाणी एकत्र आहे, म्हणून अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी असल्याशिवाय प्लग लावू नका. पेट्रोलवर चालणारं यंत्र बंद जागेत कधीच नको, धुराने माणूस गुदमरतो.

2019: दोन्ही टोकं एकाच वर्षी

आता ज्या वर्षासाठी ही सगळी गोष्ट सांगतो आहे ते वर्ष. जून 2019. चेन्नईच्या चारही तलावांत मिळून एक टक्क्याहूनही कमी पाणी उरलं होतं. चेंबरंबाक्कमचा तळ भेगाळला होता. साडेतीन वर्षांपूर्वी ज्याने शहर बुडवलं तोच हा तलाव. गल्लीत टँकर आला की रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची. इथे तिला 'कुडम' म्हणतात. 12 जुलैला जोलारपेटहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पन्नास वॅगन, पंचवीस लाख लिटर. मला एप्रिल 2016 आठवला, मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे. दहा वॅगन आणि पाच लाख लिटरनी तिची सुरुवात झाली होती. ती मिरज कृष्णाकाठचीच.

पाट्टी त्या उन्हाळ्यात रोज पहाटे काय करायच्या? दारासमोर सडा आणि कोलम, म्हणजे आपली रांगोळी, त्यांनी एक दिवस चुकवली नाही. पण बादलीऐवजी तांब्या आला. तांब्याभर पाणी ओंजळीने शिंपडायचं, त्यावर पिठाचे ठिपके. भाज्या धुतलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं पाणी संडासात. आणि माझं यंत्र जिन्याखाली. एका रविवारी गाडीवरची धूळ बघून माझा हात तिकडे गेला. मनात हिशोब केला. बागेची उघडी नळी मिनिटाला पंधरा-वीस लिटर सोडते, हे यंत्र फक्त सहा. म्हणजे बचतच की! पण तुलना नळीशी कशाला? वीस मिनिटं यंत्र चाललं तर 120 लिटर. ओल्या फडक्याने एका बादलीत गाडी पुसून होते. खाली रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या दृष्टीने माझी 'बचत' म्हणजे आठ घागरी. मी यंत्र परत ठेवलं. पुढे मार्च 2024 मध्ये बेंगळुरूला पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली, पाच हजार रुपये दंडासकट; तेव्हा मला हाच रविवार आठवला.

आणि मग ऑगस्ट. चेन्नईत घागरी रांगेत होत्या आणि कृष्णा सांगलीत शिरली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. माझी मोठी बहीण सांगलीत राहते. तिचा फोन आला, "अरे, घरात गाळच गाळ आहे, तुझं ते यंत्र घेऊन ये." मी सोलापूरमार्गे रेल्वेने यंत्र घेऊन गेलो.

गेलो तर तिथे वीज नव्हती. दोन दिवस यंत्र खोक्यातच. ताई म्हणाली, "दादासाहेब, आधी फावडं उचला." खरं होतं तिचं. पुराचा गाळ काढण्याचा क्रम असा असतो: तो ओला असतानाच फावड्याने आणि घमेल्याने काढायचा, वाळू द्यायचा नाही. आधी भिंती वरून खाली, मग फरशी. मग खराटा आणि बादली. धार अगदी शेवटी, राहिलेल्या पापुद्र्याला. सुरुवातीलाच धार मारली तर गाळ पातळ होऊन स्विच बोर्डात, गटारात आणि शेजाऱ्याच्या दारात जातो. त्या पाण्याचे तुषार नाकातोंडात जातात, त्यातून लेप्टोसारखा आजार होऊ शकतो. म्हणून मास्क, हातमोजे, गमबूट. वायरिंग वायरमनने तपासल्याशिवाय यंत्राचा प्लग लावायचाच नाही. तिसऱ्या दिवशी वीज आली, वायरमनने बोर्ड बघून दिला, मग हिरव्या नोझलने चार घरांची फरशी आम्ही एका दुपारी धुतली. पाणी? नदी उतरली होती, आडात भरपूर होतं. त्या दिवशी त्या यंत्राने जेवढं काम केलं तेवढं चेन्नईत चार वर्षांत केलं नव्हतं.

परतीच्या गाडीत विचार करत होतो. एकच नदी, एकच वर्ष. एका टोकाला तिचं पाणी पोचलं नाही म्हणून माणसं घागर घेऊन उभी, दुसऱ्या टोकाला तिच्या पाण्याने घरं गाळाने भरलेली. मधे एक यंत्र. यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्नच नव्हता.

मग कुठला घ्यावा?

चेन्नईने पाण्याच्या जोराचा दुसरा उपयोगही करून दाखवला आहे. 2010 मध्ये मिंजूरला आणि 2013 मध्ये नेम्मेलीला समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प सुरू झाले, प्रत्येकी दिवसाला दहा कोटी लिटरचे. तिथे पंप खारं पाणी साधारण 60 बार दाबाने पडद्यातून रेटतात आणि मीठ मागे राहतं. म्हणजे तुमच्या घरगुती वॉशरहून कमी दाबात एका शहराची तहान भागवायला हातभार लागतो. पण त्याला वीज भरपूर लागते, म्हणून ते पाणी महाग असतं. ते गाडीवर उडवताना हे लक्षात असलेलं बरं.

आणि याच तमिळनाडूने 2003 मध्ये प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं. पाट्टींच्या गच्चीवरचं पाणी तेव्हापासून पाइपाने खालच्या विहिरीत जातं. मी 2019 नंतर एक नियम केला. यंत्र वर्षातून दोनदाच काढायचं. एकदा डिसेंबरात, पाऊस सरता सरता, विहीर भरलेली असताना. तेव्हा शेवाळही ओलं आणि मऊ असतं, कमी जोरात निघतं. दुसऱ्यांदा भोगीला. मार्च ते सप्टेंबर यंत्राला सुट्टी.

तेव्हा कुठला घ्यावा याचं माझं उत्तर असं. दुकानात जाण्याआधी घरी चार गोष्टी लिहून काढा. माझं पाणी कुठून येतं आणि कुठल्या महिन्यात ते पुरेसं असतं? मला काय धुवायचं आहे आणि ते कशाचं बनलेलं आहे? वर्षातून किती वेळा? आणि धुतलेलं पाणी कुणाच्या दारात जाणार आहे? ही उत्तरं आली की बहुतेक घरांना 100 ते 120 बारचं, मिनिटाला सहा लिटरच्या आसपासचं, बादलीतून पाणी ओढणारं, हिरवा-पांढरा नोझल असलेलं यंत्र पुरतं. आणि गल्लीतल्या चार घरांनी मिळून एकच घेतलं तर आणखी चांगलं. आमच्या गल्लीत आता तसंच आहे. यंत्र पाट्टींच्या जिन्याखाली असतं, किल्ली त्यांच्याकडे. कोणी मागायला आलं की त्या आधी विचारतात, "विहिरीत पाणी किती आहे, बघितलंस का?" बघितलं नसेल तर किल्ली मिळत नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर आपल्या घराची गच्ची कशाची बनली आहे, तेवढं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. नमस्कार.